डोळ्यांत तेल घालून काम करताना

सकाळी दहा वाजता ‘घर’ आणि ‘धर’ यांतला फरक मला न शोधता दिसतो. ‘घ’ची शिरोरेघ सलग, ‘ध’ची डावीकडे तुटलेली. ‘मर’ आणि ‘भर’चंही तेच. २२ वर्षं मुद्रितशोधन करते आहे, आधी कागदावर आणि आता जवळजवळ सगळं पडद्यावर. त्या बारीकशा फटीला नजर सरावली आहे. पण संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती फट बुजल्यासारखी दिसायला लागते. अक्षराभोवती हलकी सावली येते, डोळ्यांत कण गेल्यासारखं खुपतं. मग दोनदा पापण्या घट्ट मिटल्या की अक्षर पुन्हा लख्ख होतं, चार ओळींपुरतं.

‘दोनदा मिटल्या की लख्ख’ यातच बरंचसं उत्तर आहे, हे मला फार उशिरा कळलं. नंबर वाढला असता तर पापण्या मिटून तो उतरला नसता. म्हणजे बिघाड डोळ्याच्या आत नव्हता, वरच्या पातळ पाण्यात होता.

डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक भागाला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. त्याच्यावर अश्रूंचा एक थर कायम पसरलेला असतो. रडू येतं तेव्हाचे अश्रू वेगळे, हे रोजचे, न ओघळणारे. प्रकाश डोळ्यात शिरताना आधी या थरातून जातो, त्यामुळे थर गुळगुळीत असला तरच चित्र स्वच्छ दिसतं. यात तीन गोष्टी असतात. अगदी आत, कॉर्नियाला धरून राहणारा बुळबुळीत पदार्थ, त्यावर पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा पापुद्रा. कटाच्या आमटीवर तवंग असला की तिची वाफ लवकर बाहेर पडत नाही. डोळ्यावरचं तेल हेच करतं, खालचं पाणी उडू देत नाही.

हे तेल येतं पापण्यांच्या कडांमधून. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० बारीक ग्रंथी एका ओळीत उभ्या असतात. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. पापणी मिटली की या ग्रंथींवर दाब पडतो, थेंबभरही नाही इतकं तेल बाहेर येतं आणि पापणी उघडताना ते डोळ्यावर पसरतं. ‘डोळ्यांत तेल घालून काम करणं’ असं आपण म्हणतो ते जागरूकपणासाठी. शरीर ते काम अक्षरशः करत असतं, दर तीन-चार सेकंदांनी. आणि आपण म्हणीतल्या अर्थाने डोळ्यांत तेल घालून पडद्याकडे बघायला लागलो की नेमकं तेच थांबतं.

गप्पा मारताना माणसाच्या पापण्या मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवतात. पडद्यावर मन लावून काम करताना हा आकडा ५ ते ७ पर्यंत उतरतो. आपण ठरवून असं करत नाही. पापणी लवली की दृश्य क्षणभर तुटतं, आणि मन एखाद्या गोष्टीत गुंतलं की मेंदू ती तूट टाळतो. पुस्तक वाचतानाही पापण्या कमीच लवतात, पण पुस्तक आपण खाली धरतो, त्यामुळे पापणी अर्धी उतरलेली असते आणि डोळ्याचा थोडाच भाग उघडा राहतो. पडदा समोर उभा असतो. डोळा सताड उघडा आणि वर पापणीही लवत नाही, मग ते पाणी उडणारच. त्यात ज्या पाच-सात वेळा पापणी लवते, त्यातल्या कितीतरी वेळा ती पुरती खाली टेकतच नाही, अर्ध्यातून परत वर जाते. डोळ्याचा खालचा पट्टा तसाच कोरडा राहतो.

नळदमयंतीच्या स्वयंवरात देव नळाचं रूप घेऊन बसले होते. खरा नळ दमयंतीने ओळखला, कारण त्याला घाम आला होता, गळ्यातली माळ कोमेजली होती, पाय जमिनीला टेकले होते आणि त्याच्या पापण्या लवत होत्या. अनिमिष डोळे देवांचे. माणसाच्या डोळ्याला ते झेपत नाहीत.

तुमच्या पापण्या किती लवतात हे मोजता येतं. मी मुलीला फोन पडद्याशेजारी उभा करून माझं चित्रण करायला सांगितलं, कधी ते मला न सांगता. आधी दोन मिनिटं आमच्या गप्पा, मग मी कामात असतानाची दोन मिनिटं. गप्पांमध्ये मिनिटाला १७, कामात ६, आणि त्या सहांतल्या तीन अर्धवट. तेव्हापासून मी एक खूण बांधून घेतली आहे. परिच्छेद संपला की डोळे पूर्ण मिटायचे, दोन सेकंद मिटलेले ठेवायचे आणि मगच पुढचा परिच्छेद. तुमचं काम वेगळं असेल तर खूण वेगळी ठेवा. ईमेल पाठवली की, फाइल सेव्ह केली की, कॉल संपला की. दर पाच मिनिटांनी आठवण करून देणारं ॲप मीही लावून पाहिलं होतं. दोन दिवसांत हात आपोआप ते बंद करायला लागला. कामातच गुंतलेली खूण टिकते.

आता एक प्रश्न हमखास येतो. ‘माझ्या डोळ्यांतून तर पाणी येतं, मग ते कोरडे कसे?’ डोळा कोरडा पडला की कॉर्नियाला झोंबतं, ती तक्रार मेंदूकडे जाते आणि मोठी अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. कांदा चिरताना येतं तसलं हे पाणी असतं. त्यात तेलाचा आणि बुळबुळीत पदार्थाचा मेळ नसतो, म्हणून ते डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळतं. वाहणारा डोळा आणि कोरडा डोळा हे बऱ्याचदा एकच दुखणं असतं.

काही जणांच्या बाबतीत पापण्या लवतात तरी तेल येत नाही, कारण ते ग्रंथीतच घट्ट झालेलं असतं. थंडीत खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, आपण ती उन्हात ठेवतो. पापण्यांनाही तेच लागतं. स्वच्छ नॅपकिन गरम पाण्यात बुडवून पिळायचा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, चटका बसत नाही ना याची खात्री करायची आणि मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचा. दोन मिनिटांत तो निवतो, म्हणून पुन्हा बुडवून पिळायचा, असं पाच-दहा मिनिटं. मग स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, पापण्यांच्या केसांच्या दिशेने हलकेच निपटायची. एका दिवसात फरक पडत नाही, दोन-तीन आठवडे रोज केलं तर जाणवतो. डोळ्यांत एरंडेल, मध किंवा गुलाबपाणी मात्र घालू नका. घरातली कुठलीही बाटली निर्जंतुक नसते. ज्या तेलाबद्दल मी बोलते आहे ते आतूनच यायचं असतं.

वाऱ्याकडेही लक्ष द्या. एसीची हवा कोरडी असते, आणि तिचा झोत तोंडावर येत असेल तर पापण्या कितीही लववल्या तरी पुरत नाहीत. झडपा वर वळवून घ्या. विदर्भात उन्हाळ्यात कुलरसमोर बसून काम करतात. कुलरची हवा दमट असली तरी झोत तर थेट डोळ्यांवरच येतो. कुलर पाठीमागे किंवा बाजूला असावा. टेबलफॅनचंही तसंच.

कोरडेपणा ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी डोळ्याच्या आतल्या स्नायूची आहे.

लांबचं बघताना डोळ्यातल्या भिंगाभोवतीचा स्नायू सैल आणि भिंग चपटं असतं. जवळचं बघायचं तर तो स्नायू आवळतो आणि भिंग फुगतं. किती फुगावं लागतं याचा हिशोब सोपा आहे. चष्म्याचा नंबर ज्या डायॉप्टरमध्ये सांगतात त्यातच तो मोजतात. मीटरभर अंतरावरच्या वस्तूसाठी १, अर्ध्या मीटरसाठी २, ३३ सेंटिमीटरसाठी ३ आणि २५ सेंटिमीटरवर धरलेल्या फोनसाठी ४. भरलेली कळशी उचलणं अवघड नसतं. ती कमरेवर घेऊन आठ तास एका जागी उभं राहा म्हटलं तर कमरेचं काय होईल? या स्नायूकडून आपण तेवढंच मागतो. म्हणूनच दिवसभर काम करून मान वर केली की समोरच्या इमारतीवरची पाटी क्षणभर धूसर दिसते. आवळलेला स्नायू सुटायला वेळ घेतो. याने डोळा खराब होत नाही, पण दमतो, आणि कपाळ, भुवया दुखतात त्यातलं बरंचसं इथलं असतं.

विशीत हे भिंग १० डायॉप्टरच्या आसपास जोर लावू शकतं, चाळिशीत ५-६, साठीत जेमतेम १. भिंग वयानुसार कडक होत जातं. मराठीत वयालाही चाळिशी आणि वाचायच्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणतात. आपल्या आधीच्या पिढ्यांनी हे किती नेमकं टिपून ठेवलं आहे! तरीही ४२-४३ व्या वर्षी डोळे दुखायला लागले की लोक ‘कंप्युटरमुळे डोळे गेले’ म्हणतात. कंप्युटरने काही केलेलं नसतं. जी चाळिशी शेतावर काम करणाऱ्याला भाजी निवडताना जाणवते, ती तुम्हाला पडद्यासमोर आधी जाणवते, एवढंच.

स्नायूला सोडवायचा उपाय म्हणजे लांब बघणं. कॅलिफोर्नियातले ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्म्याचा नंबर देणारे) जेफ्री अँशेल यांनी १९९०च्या दशकात त्याला लक्षात राहील असं रूप दिलं. दर २० मिनिटांनी, २० फुटांपलीकडे, २० सेकंद. २० सेकंदांत जादू नाही, ३० चालतील. २० फुटांना मात्र अर्थ आहे. सुमारे ६ मीटरच्या पुढून येणारा प्रकाश डोळ्याच्या दृष्टीने जवळपास समांतर असतो, त्यासाठी भिंगाला फुगावं लागत नाही.

आता १० बाय १२च्या खोलीत २० फूट आणायचे कुठून? खिडकी असेल तर सोपं. माझ्या खिडकीतून समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसते, तिच्यावर दुपारी घारी येऊन बसतात. मी त्या मोजते. खिडकी नसेल तर समोरच्या भिंतीवर आरसा लावा आणि आरशातून तुमच्या पाठीमागची भिंत बघा. आरशातली वस्तू आरशापर्यंतचं अंतर अधिक आरशापासून वस्तूपर्यंतचं अंतर एवढी लांब असते, डोळाही तेवढ्याच लांबचं बघतो. लहान दवाखान्यांत डॉक्टर अक्षरांचा तक्ता आरशातून दाखवतात तो याच हिशोबाने. विश्रांती म्हणून फोन हातात घेतला तर मात्र २ डायॉप्टरची कळशी खाली ठेवून ४ची उचलली असं होतं. चहाच्या सुट्टीत हे सगळ्यात जास्त होताना दिसतं, मला त्याची खरोखर काळजी वाटते.

बसण्याची मांडणी एकदा नीट केली की रोज विचार करावा लागत नाही. खुर्चीत टेकून बसा आणि हात सरळ पुढे करा. बोटांची टोकं पडद्याला टेकली की अंतर साधारण बरोबर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी, म्हणजे नजर जराशी उतरती राहते आणि पापणीही. लॅपटॉप नुसता टेबलावर ठेवला तर पडदा फार खाली जातो, मान वाकते. आमच्या घरी आजीचा शिसवी पाट होता, मी लॅपटॉप त्यावर ठेवते आणि खाली वेगळा कीबोर्ड जोडते.

उजेडासाठी एक युक्ती. पडदा बंद करून त्या काळ्या काचेत बघा. ट्यूबलाइट, खिडकी, तुमचा पांढरा शर्ट, जे काही त्यात दिसतं ते काम करतानाही अक्षरांवर पडलेलंच असतं. पडदा वळवा, खिडकी उजव्या-डाव्या बाजूला येऊ द्या, समोर किंवा पाठीमागे नको. मग कोरा कागद पडद्याशेजारी धरा. पडदा कागदापेक्षा दिव्यासारखा चमकत असेल तर उजेड कमी करा, मळकट दिसत असेल तर वाढवा.

आणि अक्षर मोठं करा. मराठी वाचणाऱ्यांसाठी हे मी आग्रहाने सांगते. रोमन लिपीला वर-खाली फारसं काही लागत नाही. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. त्याच आकड्याचा फाँट देवनागरीत बऱ्याचदा बारीक दिसतो, आणि एका टिंबावर ‘पत’ की ‘पंत’ हे ठरतं. मी १२ वर येणारा मजकूर १६ वर करूनच वाचते. लेखक-संपादकांना त्याने काही फरक पडत नाही, छापताना आकार बदलता येतो.

निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांवर चष्म्याच्या दुकानात बराच आग्रह होतो. २०२३मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात अशा काचांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. कंप्युटरच्या कामाने येणारा डोळ्यांचा ताण त्यांनी कमी होतो, असं दिसलं नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संघटनाही या चष्म्यांची शिफारस करत नाही. पडद्यातून येणारा निळा प्रकाश दिवसाच्या उजेडातल्या निळ्या प्रकाशापुढे नगण्य आहे. ते हजार-दीड हजार रुपये वेगळ्या कीबोर्डवर घाला. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं हीदेखील चवीची गोष्ट आहे. अंधारात ती सुखावतात, पण काळोखी पडद्यामुळे बाहुली मोठी होते आणि ज्यांच्या नंबरात सिलिंडर, म्हणजे तिरपा नंबर, आहे त्यांना अक्षरांना फुटवे फुटल्यासारखे दिसू शकतात.

मुलांचं प्रकरण वेगळं आहे, इथे मात्र बेफिकीर राहून चालणार नाही. मोठ्या माणसाचा नेत्रगोल वाढून झालेला असतो, मुलाचा वाढत असतो. सतत जवळचं काम आणि बाहेरच्या उजेडाचा तुटवडा, यांनी तो गरजेपेक्षा लांबट होऊ शकतो. मायनस नंबर म्हणजे तेच, आणि वाढलेली लांबी परत कमी होत नाही. घरात ट्यूबलाइटखाली काहीशे लक्स उजेड असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही काही हजार. तैवानने २०१०पासून शाळांमध्ये मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रम घेतला आणि तिथला मायनस नंबरवाल्या मुलांचा वर्षानुवर्षं चढता आलेख खाली वळला. मुलाचा फोन काढून घेऊन त्याला त्याच खोलीत गृहपाठाला बसवलं तर अर्धंच काम होतं. त्याला खाली खेळायला पाठवा.

आता औषधांबद्दल. माझ्याबरोबर डीटीपी करणाऱ्या एकाचे डोळे लाल व्हायचे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालेले थेंब त्याने घातले, दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र. मग दर वेळी तेच, वर्षभर. त्यात स्टेरॉइड होतं. दुसऱ्याच कारणाने डोळे तपासायला गेला तेव्हा डोळ्यांतला दाब चढलेला सापडला. स्टेरॉइडच्या थेंबांनी काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. पडद्यामुळे न होणारं नुकसान पडद्याच्या त्रासावरच्या औषधाने झालं असतं. कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रूंचे साधे थेंब असतात, त्यात बहुधा कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज असतं. तेही डॉक्टरांना विचारून घ्या. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले मागा. बहुतेक बाटल्या फोडल्यावर महिनाभरात टाकायच्या असतात, म्हणून फोडल्याची तारीख पेनाने वर लिहा.

काही त्रास मात्र पडद्याच्या माथी मारून थांबू नये. डोळ्यासमोर अचानक विजेसारखे चमकारे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, बाजूने पडदा सरकत आल्यासारखं दिसणं, एका डोळ्याने एकाएकी कमी दिसणं, दोन-दोन दिसणं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसून डोळा ठणकणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. दृष्टिपटल सुटत असेल तर तासांचा हिशोब असतो. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडद्याची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याची, तपासणी हवीच. दुकानातल्या मशीनवर नंबर काढला म्हणजे ती झाली असं नाही. साखर वर-खाली झाली तर नंबरही वर-खाली होतो, हे फार जणांना माहीत नसतं. तोंड कोरडं, सांधे दुखणं आणि डोळे कोरडे, हे तिन्ही एकत्र असेल तर तेही सांगा. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या नेहमी घेत असाल तर त्याही.

माझ्या नंबराचा घोळ वेगळाच निघाला. वाचायचा चष्मा ४० सेंटिमीटरसाठी केलेला, पडदा त्याहून लांब, त्यामुळे मी नकळत पुढे झुकत होते. प्रोग्रेसिव्ह काचेत, म्हणजे लांबचा, मधला आणि जवळचा नंबर एकाच काचेत असतो तिच्यात, पडद्यासाठीचा पट्टा अरुंद, म्हणून हनुवटी वर करून बघत होते. मान दुखायची ती त्याने. डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘‘ताई, पडदा किती लांब असतो तुमचा?’’ मी हाताने दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘‘हाताने नको, टेप घेऊन मोजा आणि उद्या या.’’

घरी येऊन मुलीने शिवणाच्या टेपने मोजलं. डोळ्यापासून पडदा ६२ सेंटिमीटर, टेबलावरचा कागद ४५, फोन २८. ती चिठ्ठी डॉक्टरबाईंनी केसपेपरला टाचली आणि ६२ सेंटिमीटरचा वेगळा चष्मा लिहून दिला. त्याची दांडी मी लाल घेतली, घरात इतर चष्म्यांत मिसळू नये म्हणून.